बडोद्यात कमी पैशात एकटेपणावरचा सिनेमा: कथेपासून पहिल्या शोपर्यंत

एकटेपणावर फिल्म करायची म्हटलं की पहिलं चित्र डोळ्यापुढे येतं ते ठरलेलं असतं, अंधारी खोली, वर फिरणारा पंखा, खिडकीशी उभा असलेला मुलगा आणि मागे उदास पियानो. माझं म्हणणं असं आहे की हा विषय खोलीत कमी आणि गर्दीत जास्त सापडतो. ज्याला माणसांची धास्ती वाटते त्याला खोलीत उलट हायसं वाटतं, त्याची खरी परीक्षा बाहेर असते, हळदीकुंकवात, उत्तरायणाला पतंग उडवायच्या गच्चीवर, गरब्याच्या मैदानाच्या कडेला, ऑफिसात डबा खायच्या वेळी. आणि बडोद्यात ही गर्दी वर्षभर आपोआप जमत असते, तिच्यासाठी एक रुपया मोजावा लागत नाही. त्यामुळे कमी बजेटमध्ये करायला याच्याइतका योग्य विषय नाही असं मला मनापासून वाटतं.

खाली जे लिहिलंय ते साधारण ७०-८० मिनिटांची फिल्म, आठ-दहा माणसांची टीम आणि बारा-पंधरा दिवसांचं शूट डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय. शॉर्टफिल्म करणार असाल तर दिवस आणि पानं कमी करा, बाकी क्रम तोच.

पायरी १: आपण नेमकं काय दाखवणार आहोत ते आधी समजून घ्या

इथे घाई करू नका, कारण बहुतेक फिल्म्स इथेच फसतात. लोक तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एकटं राहणं ही फक्त परिस्थिती आहे, कितीतरी लोक एकटे राहून मजेत असतात. एकटेपणा म्हणजे आपल्याला हवी तशी माणसं आपल्याजवळ नाहीत हे आतून जाणवणं, आणि ते भरल्या वाड्यात पाच माणसांबरोबर जेवतानाही जाणवू शकतं. सोशल अँक्झायटी अजून वेगळी, तिथे सतत भीती असते की लोक आपल्याला बघतायत, आपण काहीतरी भलतंच बोलू, हात थरथरतील, हसं होईल, आणि ही भीती इतकी वाढते की माणूस त्या जागाच टाळायला लागतो. अबोल स्वभावाची व्यक्ती स्वतःहून बाजूला बसते कारण तिला ते आवडतं. सोशल अँक्झायटी असलेल्या माणसाला बहुतेक वेळा माणसं हवी असतात, बोलावंसं वाटत असतं, आणि तरी पाय उचलत नाही. हवंय पण जाता येत नाही, तुमची कथा या दोन्हीच्या मध्ये आहे, तिथून हलू नका. हे बहुतेकदा किशोरवयात सुरू होतं, म्हणून घरचे लोक "तिचा स्वभावच तसा आहे" म्हणून वर्षानुवर्षं सोडून देतात, आणि तुमच्या फिल्ममधली आईही वाईट नसून अशीच असू शकते.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सोशल अँक्झायटी कशी टिकून राहते याचं एक मॉडेल मांडलं, ते पटकथा लिहिणाऱ्यानं जरूर समजून घ्यावं, कारण त्यातल्या गोष्टी कॅमेऱ्यात पकडता येतात. एक, समोरचा काय बोलतोय यापेक्षा आपण कसे दिसतोय इकडेच सगळं लक्ष जातं, त्यामुळे समोरच्याचं अर्धं बोलणं ऐकूच येत नाही (हे साऊंडमध्ये करता येतं, पुढे सांगतो). दोन, स्वतःला वाचवायच्या बारीक सवयी, म्हणजे ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरणं, फोनमध्ये बघत राहणं, वाक्य मनात चार वेळा म्हणून मगच बोलणं, नेहमी दाराजवळची खुर्ची पकडणं. या सवयींनी तेवढ्यापुरतं निभावतं पण भीती जात नाही, उलट माणसाला वाटतं की फोन होता म्हणून वाचलो. तीन, सगळं संपल्यावर रात्री बसून त्याच पाच मिनिटांची उजळणी, मी असं का म्हटलं, तिला काय वाटलं असेल. आता यात संवाद किती लागतो बघा, जवळजवळ काहीच नाही. हात, नजर, दार, आणि रात्रीचा चेहरा.

शेवटाबद्दल एक कळकळीची विनंती. कुणीतरी हिरो येतो, हात धरून गरब्यात ओढतो आणि मुलगी एकदम नाचायला लागते, असं करू नका. ज्यांना हा त्रास आहे त्यांना ते बघून जास्तच एकटं वाटतं. यावर उपचार आहेत, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी) आहे, गरज असेल तर औषधं आहेत, आणि थेरपीत भीतीला सामोरं जायचं ते थोडं थोडं, पायरीपायरीनं. म्हणजे मागच्या वेळी पाच मिनिटांत घरी पळालेली मुलगी या वेळी पंधरा मिनिटं थांबली, एवढाही शेवट पुरेसा मोठा आहे, फक्त ती पंधरा मिनिटं प्रेक्षकाला जाणवली पाहिजेत.

स्क्रिप्टचा दुसरा ड्राफ्ट झाला की एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला वाचायला द्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट मागू नका. रिसर्चसाठी कुणा रुग्णाचा फोटो किंवा माहिती वापरायचा विचारही नको. मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही, हे २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्येच आहे.

पायरी २: कथा जागांवरून बांधा

आधी कागदावर लिहून काढा की आपल्या हाताशी काय आहे. कुणाचा वाडा, कुणाच्या काकांचं दुकान, कुणाची गच्ची, कोणतं ऑफिस रविवारी बंद असतं. मग त्या यादीतून कथा काढा. एक उदाहरण घेऊ आणि पुढे तेच वापरू. रेवा, वय २७, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आई आणि आजीबरोबर राहते, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कंपनीत अकाउंट्स बघते. कथा नवरात्रापासून रथसप्तमीपर्यंत. मुख्य जागा चारच, वाडा, ऑफिस, सेव उसळची लारी (हातगाडी), गच्ची. अधूनमधून सुरसागरच्या काठानं चालणं आणि कमाटीबागेतला एखादा बाक. बास, यापेक्षा जास्त जागा घेतल्या की रोज सामान हलवण्यातच दिवस जातो.

भाषेचं इथे सोनं आहे. आपल्याकडे घरात मराठी, गल्लीत गुजराती, ऑफिसात निम्मं हिंदी, आणि हे सगळं एकाच माणसाच्या तोंडी सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत असतं. सगळ्यांना शुद्ध मराठी बोलायला लावलं तर बडोद्याचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल की हे खोटंय. रेवा लारीपाशी उभी आहे, मनात गुजरातीत पूर्ण वाक्य तयार करतेय, तिखट कमी, कांदा नको, पाव दोन, ओठ किंचित हलतायत, नंबर येतो आणि तोंडातून फक्त "एक" निघतं, मग ती तिखट, कांदा घातलेली प्लेट घेऊन बाजूला उभी राहून मुकाट्यानं खाते. एका पानात माणूस कळला. सबटायटल्स मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही करायची तयारी ठेवा.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब अशा फिल्मला लागू होत नाही, कारण "रेवा दारात थांबते" हे अर्ध्या ओळीचं वाक्य पडद्यावर चाळीस सेकंद घेऊ शकतं. म्हणून स्क्रिप्ट घेऊन घरातच प्रत्येक सीन करून बघा, हातात स्टॉपवॉच. ५० पानांत ७५ मिनिटं भरली असं झालं तर घाबरू नका.

पायरी ३: एक सीन पूर्ण सोडवून बघा

शूटच्या आधी एक अवघड सीन निवडा आणि तो शॉटपर्यंत सोडवा. मी हळदीकुंकवाचा सीन घेतो. संक्रांतीनंतरचा दिवस, वाड्यात पंधरा-वीस बायका येणार, आई हळदीकुंकू लावणार, रेवानं तिळगूळ आणि वाण द्यायचंय. तिचं काम इतकंच.

कॅमेरा बाहेर बायकांमध्ये ठेवायचा मोह होईल, साड्या, गजरे, अत्तरदाणी, दिसायला छान. ठेवू नका. कॅमेरा स्वयंपाकघरात रेवाजवळ ठेवा. दाराबाहेर चपला वाढतायत त्या तिला फटीतून दिसतायत, बाहेरचं हसणं, बांगड्या, कुणीतरी गुलाबपाणी शिंपडताना दचकून ओरडतं ते सगळं फक्त ऐकू येतंय. ताटातल्या तिळाच्या वड्या नीट रचलेल्या आहेत, तरी ती परत रचते. वाणाच्या स्टीलच्या डब्या मोजते, परत मोजते. आईची हाक येते, "अगं, आण ना." ती निघते, आणि इथे पहिल्यांदा कॅमेरा तिच्या पाठीमागून त्या खोलीत जातो, एकाच शॉटमध्ये, कट न करता. एक काकू अगदी प्रेमानं विचारतात, "काय गं, कुठे असतेस, दिसतच नाहीस?" रेवाकडे उत्तर तयार होतं, सकाळपासून तयार होतं, आणि ती म्हणते, "हो." काकूंना त्यात काहीही वावगं वाटत नाही, त्या वळून शेजारणीशी उंधियूच्या भाज्यांचे भाव बोलायला लागतात. रात्री सगळं आवरल्यावर रेवा मोरीत वाट्या घासतेय आणि तिचे ओठ हलतायत, "ऑफिसात वर्षअखेरीचं काम असतं ना काकू."

या सीनमध्ये काकू वाईट नाहीत हे फार महत्त्वाचं आहे. लोकांना टोमणे मारणारे, क्रूर दाखवलं की प्रेक्षक त्यांच्यावर चिडून मोकळा होतो, आणि भीती आतली आहे हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. माणसं चांगली ठेवा, मग बघा ते किती जास्त लागतं.

खर्च? हळदीकुंकू खरंच करा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी चालूच असतं, शेजारच्या बायकांना आधी स्पष्ट सांगा की शूटिंग आहे, प्रत्येकीची लेखी संमती घ्या, ज्यांना कॅमेऱ्यात यायचं नाही त्यांना वेगळ्या बाजूला बसवा. त्यांना अभिनय करायला सांगायचाच नाही, त्या नेहमीसारख्या येतील, बोलतील, वाण घेऊन जातील. तुमचा खर्च वाण, तिळगूळ आणि चहा.

पायरी ४: पैसे

कुणाकडे पैसे मागायला जाण्याआधी हातात काहीतरी चालणारं घेऊन जा. दादासाहेब फाळके आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले, जिथे आज एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ एकेक फ्रेम करत चित्रित केली आणि ती छोटीशी फिल्म दाखवून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास मिळवला, पुढच्या वर्षी त्यांचा पूर्ण सिनेमा आला. तुमचा वाटाणा म्हणजे वरच्या लारीच्या सीनसारखी दोन मिनिटं. फोनवर शूट करा, पण आवाज नीट घ्या, आणि ती दाखवा. "असले विषय कोण बघतं" असं विचारणाऱ्याला सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण दर सहा माणसांतल्या एकाला एकटेपणाचा त्रास होतोय.

समजा तीन लाख जमले. मी ते असे वाटेन: जेवण-प्रवास ६० हजार, कलाकारांचं मानधन ६०, शूटवरचा साऊंड रेकॉर्डिस्ट आणि त्याचं सामान ५०, नंतरचं साऊंड डिझाईन आणि मिक्सिंग ५०, फेस्टिव्हलच्या फी आणि सबटायटल्स ३०, अडीअडचणीला ३०, हार्ड डिस्क २०. कॅमेऱ्याचा आकडा यात नाही, कारण तो टीममधल्या कुणाचा तरी असला पाहिजे, नाहीतर चांगला फोन आहेच. आवाजावर एक लाख आणि कॅमेऱ्यावर शून्य हे बघून तुमचा कॅमेरामन नाराज होईल, त्याला समजवा. जेवण मात्र कधी कापू नका. आणि ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांच्याशी आधीच कागदावर ठरवा की फिल्म विकली गेली तर किती टक्के, तोंडी मैत्रीवर सोडलेली गोष्ट नंतर मैत्रीच घालवते.

पायरी ५: माणसं आणि सेटवरची वागणूक

एमएस युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत नाटक शिकणारी मुलं आहेत, फाइन आर्ट्सला आर्ट डायरेक्शनची नजर असलेली मुलं आहेत, शिवाय गणपतीत आणि मंडळांच्या एकांकिकांत काम करणारी आपली मराठी मंडळी आहेतच. नाटकातल्या कलाकारांची एकच काळजी घ्यावी लागते, त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते आणि इथे कॅमेरा दोन फुटांवर असतो. ऑडिशनला संवाद देऊ नका. एक ग्लास पाणी द्या आणि सांगा, समोर बसलेल्या चार अनोळखी लोकांपैकी एकाला वेळ विचारायचीय, पण विचारायचं धाडस होत नाहीये. जो काहीच "करत" नाही आणि तरी आपण बघत राहतो, तो घ्या.

या विषयाकडे ओढली जाणारी पुष्कळ माणसं स्वतः त्यातून गेलेली किंवा जात असलेली असतात, टीममध्येही असतील. त्यामुळे सेट तसा ठेवा. कॉलशीट (उद्याच्या शूटचं वेळापत्रक) आदल्या संध्याकाळी पाठवा आणि त्यात फक्त वेळ नाही तर उद्या तिथे कोण कोण असणार आहे तेही लिहा, अनोळखी चेहरे अचानक समोर आले की काही जणांचा दिवस तिथेच संपतो. सेटवर ओरडायचं नाही, अगदी "सायलेन्स"सुद्धा हात वर करून. एक खोली रिकामी ठेवा, तिथे कुणीही जाऊन दहा मिनिटं बसावं आणि कुणी कारण विचारू नये. सगळ्यांसमोर सूचना देण्यापेक्षा कलाकाराजवळ जाऊन हळू आवाजात बोला. आणि कुणाला खरोखर हा त्रास असेल तर "तुला खरं वाटेल, तूच कर गर्दीतला सीन" असं कधीही करू नका. भीतीला सामोरं जाण्याचं काम थेरपिस्टबरोबर होतं, तुमच्या टेकसाठी नाही.

पायरी ६: पंचांग आणि परवानग्या

शूटचे दिवस सलग नसतील, सणांप्रमाणे तीन तुकडे पडतील. पावसाळ्यात काहीही ठेवू नका, विश्वामित्री नदीला पूर आला की काय होतं ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी बघितलंय.

नवरात्रात मोठ्या मैदानावर जायच्या भानगडीत पडू नका, तिथे आयोजकांची लेखी परवानगी, पास, सिक्युरिटी सगळं आलं. पोळातला, शेरीतला म्हणजे गल्लीतला गरबा घ्या, तिथल्या दोन मोठ्या माणसांना आधी भेटा, प्रसादाला हातभार लावा, आणि जागेवर बोर्ड लावा की इथे चित्रीकरण चालू आहे. अनोळखी माणसाचा जवळून चेहरा संमतीशिवाय घ्यायचा नाही, लहान मुलांचा तर पालकांच्या सहीशिवाय नाहीच. गरब्याचा गोल हीच तुमची फ्रेम आहे, सगळे एका दिशेनं फिरतायत, टाळ्या एका वेळी पडतायत, आणि गोलाच्या बाहेर एक माणूस स्थिर. रेवाला कुठेही काही बोलायची गरज नाही.

उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारी असे दोन दिवस मिळतात. पहाटेपासून गच्च्या भरतात, स्पीकर, पतंग कापल्यावर "काय पो छे"च्या आरोळ्या, चिक्की, बोरं, आणि चारही बाजूंना हजारो माणसांचा सेट. सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे शेवटचा महत्त्वाचा शॉट पाचला लावा. गच्चीला कठडा नसेल तर तिथे शूट करू नका, पतंगाचा मांजा गळ्याला लागतो म्हणून दुचाकीवरून सामान आणणाऱ्याला गळ्याला संरक्षण असू द्या, आणि पतंग उडवणाऱ्याच्या बोटांना पट्टी लावा.

रस्त्यावर ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी त्या भागातल्या पोलीस स्टेशनला लेखी कळवा, कमाटीबागेसाठी महानगरपालिका. रेल्वे स्टेशनचा सीन स्क्रिप्टमधून काढूनच टाका, पश्चिम रेल्वेची परवानगी आणि फी तुमच्या बजेटबाहेरची आहे. ड्रोनही नको, हरणीला विमानतळ आहे, आणि या विषयाला वरून बघायची गरजच नाही.

पायरी ७: कॅमेरा

थोडक्यात सांगतो कारण यावर माहिती भरपूर मिळते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम्स असतील तर शटर १/५० वर लॉक करा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही लॉक. फोनवर करणार असाल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे. लेन्सचा नियम कथेप्रमाणे ठरवा, माझी पसंती अशी: रेवा घरी असते तेव्हा वाइड लेन्स, तिच्या जवळ, मागचं सगळं स्पष्ट. बाहेर गेली की लांबची लेन्स, ती शार्प आणि बाकी माणसं धूसर, कारण तिला तेव्हा माणसं दिसतच नाहीत, फक्त त्यांचं बघणं जाणवतं. शेवटाकडे गच्चीवर पहिल्यांदाच बाहेर वाइड लेन्स वापरा, तिला आजूबाजूचे चेहरे दिसायला लागलेत एवढं त्यातून कळतं.

पायरी ८: आवाज

अर्धी फिल्म इथे आहे. रेकॉर्डिंग वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. बूम (काठीवरचा माइक) पहिला, कपड्यातला लेपल माइक जोडीला. जुन्या वाड्यात पंखा आणि फ्रिज बंद करा (फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून काहींची ट्रिक छान आहे, गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची). प्रत्येक जागेचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घ्या, सगळे गप्प, कुणी हलायचं नाही. ही फिल्म शांततेवर चालते आणि प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, वाड्यातली कबुतरं, लांबून येणारी भाजीवाल्याची हाक, ऑफिसातला यूपीएसची गुणगुण.

गर्दीच्या सीनला मुख्य शूट संपल्यावर साऊंडवाल्याला एकट्याला परत पाठवा, एक तास फक्त ऐकून ये म्हणून. बांगड्या, टाळ्या, चपला, ग्लास ठेवल्याचा आवाज, सगळं जवळून वेगवेगळं. मिक्सिंगच्या वेळी काकू बोलतायत तेव्हा त्यांचा आवाज हळूहळू खाली आणा आणि ताटात वड्या सरकल्याचा बारीक आवाज वर आणा, प्रेक्षकाला काकूंचं वाक्य अर्धवटच ऐकू येईल आणि रेवाच्या डोक्यात काय चाललंय ते न सांगता कळेल. कानात शिट्टी आणि धडधडणारं हृदय हे दोन्ही इतके वापरून झालेत की त्यांना हात लावू नका.

गरब्याच्या चाली पारंपरिक असल्या तरी कुणाचं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि मंडपात सिनेमाचं गाणं वाजत असताना घेतलेला शॉट म्हणजे नंतर हक्कांची डोकेदुखी. ओळखीच्या गायिकेकडून पारंपरिक गरबा स्वतः रेकॉर्ड करून घ्या, मानधन आणि हक्कांचा कागद दोन्ही एकाच दिवशी.

पायरी ९: एडिट

रोज रात्री फुटेजच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरी. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फुकटचं व्हर्जन पुरतं. पहिला रफ कट (कच्चं एडिट) संगीताशिवाय करा, संगीत लावलं की कच्चा सीनही चालल्यासारखा वाटतो. कट कुठे करायचा याचा माझा ठोकताळा: रेवाला निघून जावंसं वाटतं त्या क्षणी कट करू नका, तिच्याबरोबर अजून थोडं तिथे थांबा. प्रेक्षकाला अवघडल्यासारखं झालं पाहिजे, कंटाळा यायला नको, आणि या दोन्हीतला फरक तुम्हाला एकट्याला कळणार नाही. पाच जणांना दाखवा, त्यात दोघं सिनेमाशी संबंध नसलेले असू देत, आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा, फोन कधी हातात घेतात ते लिहून ठेवा.

पायरी १०: सर्टिफिकेट, फेस्टिव्हल, पहिला शो

थिएटरला लावायची असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये (पालकांच्या देखरेखीत बघायच्या वर्गात) ७+, १३+ आणि १६+ असे गट झालेत. दोन गोष्टी स्क्रिप्ट लिहितानाच लक्षात ठेवा. वाड्यातलं मांजर छान दिसतं, पण प्राणी पडद्यावर आला की अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचा कागद लागतो. आणि एकटं पात्र सिगारेट ओढताना दाखवलं की तंबाखूविरोधी जाहिराती आणि पडद्यावर इशारा बंधनकारक होतो, तुमच्या सगळ्यात शांत सीनवर ती पट्टी येईल.

फेस्टिव्हलसाठी सर्टिफिकेटऐवजी सूट मिळते, ती आयोजक घेतात. पुण्याचा पिफ, केरळचा आयएफएफके, मुंबईचा मामी, गोव्याचा इफ्फी, सगळ्यांचे नियम आधी वाचा, खूप ठिकाणी आधी कुठेही न दाखवलेली फिल्म लागते, म्हणून उत्साहात यूट्यूबवर टाकू नका. गोव्यातल्या एनएफडीसी या सरकारी संस्थेच्या फिल्म बझारमध्ये (आता वेव्ज फिल्म बझार) अपूर्ण फिल्म्ससाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असते, रफ कट झाला की तिथे जरूर पाठवा. थिएटरला द्यायची डीसीपी, म्हणजे प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल फाइल, डीसीपी-ओ-मॅटिक या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घरी बनते, फक्त खऱ्या पडद्यावर एकदा तपासून घ्या.

फेस्टिव्हलच्या निवडीचं काय ते कळलं की बडोद्यात शो ठेवा, एखाद्या मंडळाचा शंभर खुर्च्यांचा हॉल पुरे. आमंत्रणातच लिहा की कुणालाही स्टेजवर बोलावलं जाणार नाही, ओळख करून द्यायला सांगितलं जाणार नाही, मधेच उठून गेलात तरी चालेल. दाराजवळच्या आणि कडेच्या खुर्च्या आधी मोकळ्या ठेवा, ज्यांच्यासाठी ही फिल्म आहे ते तिथेच बसणार. प्रश्नोत्तरं माइक फिरवून घेऊ नका, खुर्चीवर कागद-पेन्सिल ठेवा, चिठ्ठ्या डब्यात गोळा करा, नाव लिहायची गरज नाही, आणि दिग्दर्शकानं त्या वाचून उत्तरं द्यावीत. फिल्मच्या शेवटच्या पाटीवर आणि त्या चिठ्ठीच्या मागे टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठी-गुजरातीतही बोलता येतं. चहा हॉलच्या बाहेर ठेवा, आत नको, म्हणजे ज्याला न बोलता निघायचंय त्याला निघता येईल आणि ज्याला थांबायचंय त्याच्या हातात धरायला कप असेल.